चिनी कुंचल्याचा बोरू : नांदेड, लातूर, औसा

फोटो धड नव्हताच. अर्धा अंधार, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आणि मधोमध निळ्या नक्षीचं, सरळ उभं, चिनीमातीचं एक भांडं. त्यात लाकडाच्या ढलप्या भरलेल्या. खाली हाशमभाईंचा निरोप : ‘मॅडम, तुमच्या कामाचं दिसून राहिलं. लातूरच्या माणसाकडं हाय. बघा.’ मी फोटो बोटांनी मोठा करून बघत बसले तोवर गॅसवरचा चहा उतू गेला, आणि आतून आमचे हे ओरडले, ‘‘परत चिनी काहीतरी आलं वाटतं!’’

पहिल्यांदाच इथे येणाऱ्यांसाठी सांगते. मी सुनंदा, नाशिकची, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. जुने चिनी कुंचले आणि तिकडच्या विद्वानांच्या मेजावरच्या वस्तू जमवायचा मला नाद आहे. शाईची कांडी उगाळायचा दगड (आपल्या सहाणेचा सख्खा भाऊ), थेंब थेंब पाणी घालायची इवलीशी झारी, कागदावर ठेवायची वजनं, असलं सगळं. पहिला कुंचला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. तो दाढीच्या ब्रशांच्या ढिगात पडला होता. तेव्हापासून बरंच जमलं, पण कुंचले उभे ठेवायचं जुनं, अस्सल भांडं काही हाती लागलं नव्हतं. मुंबईच्या दुकानांत काचेआडून बघायचं आणि मुकाट्याने खाली येऊन वडापाव खायचा, एवढीच आमची धाव. त्यामुळे फोटो आल्यावर विचार वगैरे केला नाही. बॅगेत दोन साड्या, एक शाल आणि गुंडाळायला भरपूर फुग्यांचं प्लास्टिक भरलं.

नाशिकहून नांदेडला दिवसाच्या गाडीने गेलात तर खिडकी मिळवा. मनमाड सोडलं की गाडीला काही घाई नसते. जालन्यानंतर दोन्ही बाजूंना तूर आणि मधून मधून उरलासुरला कापूस दिसत राहतो. परभणीला शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘‘गुरुद्वाऱ्याला का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, एक भांडं बघायला.’’ त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि धपाट्याचा डबा पुढे केला. धपाटे उत्तम होते.

नांदेडला स्टेशनजवळ साध्या पण स्वच्छ लॉज भरपूर आहेत. सकाळी गुरुद्वाऱ्यात जाऊन आले, लंगरमध्ये जेवले आणि मग जुन्या शहरातल्या गल्लीत हाशमभाईंचं दुकान गाठलं. आमची ओळख चार वर्षांची, पण फोनवरची. दुकानात कुलपं, कंदील, अडकित्ते, वाल्व्हचे रेडिओ आणि या सगळ्याच्या मधोमध बसायला जागा करून घेतलेले हाशमभाई, पांढरी दाढी, अंगात स्वेटर. त्यांनी आधी समोरून इराणी चहा मागवला आणि मग टेबलाखालून एक वस्तू काढली. पाच शिखरांचा चिनीमातीचा डोंगर, तळहाताएवढा.

‘‘अगरबत्तीचं स्टँड हाय म्हणून घेतलं,’’ ते म्हणाले. ‘‘पण भोकच न्हाई एक बी. मग तुम्ही आठवल्या.’’

तो कुंचला टेकवायचा डोंगर होता. मधल्या शिखराचा टवका उडालेला, पण खरा. मी तो घेतला. दर सांगत नाही, कारण आमचे हे हा ब्लॉग वाचतात. हाशमभाईंनी लातूरच्या माणसाचा पत्ता दिला. नाव इरफान, मुलींचं हॉस्टेल चालवतो. भांडं त्याच्या वडिलांकडे, औशाला. वडील कातिब, म्हणजे छापखान्यासाठी उर्दू मजकूर हाताने लिहून देणारे. ‘‘लेकाचं द्यायचं मन हाय. बापाचं मला ठाऊक न्हाई,’’ हाशमभाई म्हणाले. रात्री जवळच्या हॉटेलात तहारी (मटण घालून शिजवलेला मसालेदार भात) खाल्ली. तिखट आहे, दही मागून घ्या.

नांदेड ते लातूर एसटीने चार तास धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत माहेरपणाचं वातावरण असतं. अहमदपूरला एक बाप आणि त्याची लेक चढले. लेकीच्या मांडीवर गादीची वळकटी, बापाच्या हातात बादली. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, ‘‘नीट का जेईई?’’

‘‘नीट. दुसऱ्यांदा.’’

‘‘व्हईल, व्हईल. लातूरचं पाणीच तसलं हाय.’’

लातूर तुम्ही आधी पाहिलं नसेल तर स्टँडवरून गंजगोलाईकडे चालत जा. मधोमध देऊळ आणि भोवती गोल बाजार, चहूकडे फुटलेले रस्ते. मग क्लासेसच्या भागात जा. तिथे पहिल्या आलेल्या मुलामुलींचे चेहरे चार मजले उंच असतात आणि त्यांच्या खाली इमारत शोधावी लागते. दर दुसऱ्या दारावर मेस, झेरॉक्स, ‘रूम भाड्याने मिळेल’. इरफानचं हॉस्टेलही असंच. पूर्वी त्यांचं घर होतं, आता प्लायवूडच्या भिंती घालून एकेका खोलीच्या तीन केल्यात. इरफान पंचेचाळिशीचा, बोलका, सतत कानाला फोन.

‘‘मॅडम, भांडं तुमचंच समजा. मी अब्बाला बोललोय,’’ तो म्हणाला. ‘‘आता त्यांना इकडंच आणायचं हाय. ऐंशीच्या वर गेले. औशाचं घर त्या भूकंपापासून टेकू लावून उभं हाय. एवढं सामान इथं कुठं ठेवू? पोरींना पुस्तकं ठेवायला जागा न्हाई.’’

रात्र हॉस्टेलच्याच एका रिकाम्या खाटेवर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरून खाली आले तर रस्त्यावर शुकशुकाट. दुकानं बंद, रिक्षा नाही, क्लास बंद. मला वाटलं, बंद पुकारलाय की काय. हॉस्टेलची स्वयंपाकीण मेसला कुलूप लावून निघाली होती. ती हसायला लागली. ‘‘येळवस हाय ताई आज! आज गावात कोण सापडतंय?’’

तर वाचकहो, वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यात कामासाठी जाऊ नका आणि जेवणासाठी मात्र जरूर जा. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला अख्खा जिल्हा शेतात असतो. ज्याला शेत नाही त्याला दुसरा कुणीतरी हाताला धरून नेतो. इरफानचे वडीलही दरवर्षीप्रमाणे औशाजवळ त्यांच्या दोस्ताच्या, माधवरावांच्या शेतात गेले होते. इरफान म्हणाला, ‘‘चला, बसा स्कूटरवर.’’ साठीच्या बाईने परपुरुषाच्या स्कूटरवर बसून औसा रोडने जाणं आमच्या नात्यात कुणी केलेलं नाही. थंडी छान होती.

शेतात कडब्याची कोप उभी केली होती, आत पूजा मांडलेली. माधवरावांच्या घरची, गावची, कुठून कुठून आलेली माणसं घोंगड्यांवर बसली होती. मी कोण, कशाला आले, हे कुणी विचारायच्या आत माझ्यापुढे पत्रावळ आली. भज्जी (ही तळलेली भजी नव्हे, ओले दाणे, शेंगा आणि भाज्या बेसनात शिजवलेल्या), बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. आंबील मडक्यातून, गार. मी तीन वेळा घेतली. माधवरावांची सून चौथ्यांदा ओतत म्हणाली, ‘‘प्या हो, नाशकात कुठं मिळती?’’

बोरीच्या सावलीत खुर्ची टाकून कातिबसाहेब बसले होते. किडकिडीत, दुपल्ली टोपी, जाड भिंगाचा चष्मा, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमची काळी झाक. मी त्यांना चाचा म्हटलं. ते म्हणाले, ‘‘बसा ताई. तुम्ही त्या भांड्यावाल्या. आधी खा. भांडं कुठं पळून जात न्हाई.’’ माधवराव त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, ‘‘ह्यो बी कुठं पळून जात न्हाई. दरसाल म्हणतो, ही आखरी येळवस. अन दरसाल खीर दोनदा घेतो.’’

उन्हं कलल्यावर आम्ही औशाला घरी आलो. किल्ला दिसतो त्या बाजूची गल्ली. घर म्हणजे दोन खोल्या आणि पडवी, एका भिंतीला सागाचे टेकू. चाचांनी कोनाड्यातून भांडं काढून सतरंजीवर माझ्यापुढे ठेवलं.

मी वस्तूंच्या बाबतीत हावरट आहे, आणि ते इथे लपवण्यात अर्थ नाही. मी भांडं दाराच्या उजेडाकडे वळवलं. निळा रंग फोटोत दिसला त्याहून खोल. पाइनच्या झाडाखाली एक म्हातारा दगडावर टेकून बसलाय, खाली नदी, नदीत होडी. काठाला घासून घासून तपकिरी झालेली कड. एक केसाएवढी चीर वरून निम्म्यापर्यंत गेलेली. हे नकली नव्हतं. चाचांचे आजोबा हैदराबादेत एका देवडीत, म्हणजे नवाबाच्या वाड्यात, लिहायला होते, तिथून इनाम म्हणून आलेलं. पण आत काठोकाठ त्या ढलप्या! मी म्हटलं, चूल पेटवायच्या असतील.

‘‘चुलीच्याच हायत,’’ चाचा म्हणाले. ‘‘बोरूचे छिलके हे. बोरू तासला की जे पडतं ते आमच्या घरात फेकत न्हाईत. ह्याच्यानं अल्लाचं नाव लिहिलेलं असतंय. कातिब मेला की त्याला गुसल, आखरी अंघोळ, द्यायचं पाणी ह्याच छिलक्यांवर तापवायचं. जिंदगीभर लिहिलं त्याचा एवढाच हिशेब.’’

त्यांनी वरचा थर हाताने अलगद बाजूला केला. थर जेमतेम दोन बोटं जाडीचा. त्याच्या खाली हिरव्या कापडाची गोल चकती होती, आणि तिच्याखाली परत ढलप्या, जुन्या, काळपट, तळापर्यंत.

‘‘वरचे माझे. खालचे अब्बाचे.’’

मी विचारलं, मग अब्बांचे न जळता अजून इथे कसे?

इरफान दारात उभा होता. तो फोन खिशात ठेवून आत येऊन बसला. चाचा सावकाश बोलले. अब्बा आपल्या लेकीकडे, चाचांच्या बहिणीकडे, गेले होते, किल्लारीच्या बाजूला. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. इथे औशात भिंत फाटली, भांडं कोनाड्यातून ज्वारीच्या पोत्यावर पडलं, एवढंच. तिकडे गावच राहिलं नाही. ‘‘अब्बा तिसऱ्या रोजी सापडले. वरून पाऊस, खाली चिखल. इतकी माणसं की कोण कुणाचं बघणार? गुसल कुठलं अन कोमट पाणी कुठलं. सगळ्यांच्या संगं मातीत ठेवलं. मी घरी आलो तं हे भरलेलं. अब्बाचं पाणी तापायचं राहून गेलं.’’

बाहेर येळवशीहून परतणाऱ्या ट्रॅक्टरमधली पोरं ओरडत गेली.

‘‘मग मी मधी कापड घातलं अन माझे वर टाकत गेलो. माझं तापंल तवा अब्बाचं बी त्यातच तापंल. पण माझे भरंनात! कम्प्युटर आला, छापखान्यानं बोलावणं बंद केलं. मग लातूरच्या क्लासवाल्यांच्या भिंती रंगवल्या, मोठाले मार्क, मोठाली नावं. ते ब्रशचं काम, त्याला बोरू कशाला? मग फ्लेक्स आला, ते बी गेलं.’’ ते हसले. ‘‘एवढ्याशावर तांब्याभर पाणी बी तापणार न्हाई. लोक म्हणतील, ह्यानं काय लिहिलं?’’

मग म्हणाले, ‘‘तुम्ही लांबून आल्या. खाली हात कशाला जाता? नाव लिहून देतो,’’ आणि पेटीतून आपली लेखणी काढली.

ती लेखणी बघून मी पुढे सरकले. बांबूची, बारीक, जुन्या मधाच्या रंगाची, आणि तिच्या दांड्यावर वरून खाली चिनी अक्षरं कोरलेली, त्यांत निळा रंग भरलेला. तो बोरू नव्हताच. तो चिनी कुंचल्याचा दांडा होता. भांड्याबरोबरच आलेला असणार. मी विचारलं, ‘‘चाचा, याला पुढे केस होते ना?’’

‘‘होते की! कसरीनं खाल्ले. आजोबांनी टोक छाटून कलम केली. बांबू एक नंबर, ताई. तीन पिढ्या झाल्या, अजून संपंना.’’

अर्धी अक्षरं आधीच गेली होती. असला दांडा माझ्या संग्रहात एकही नाही. आणि चाचांनी चाकू काढला, टोक बघितलं, बोथट झालंय म्हणाले आणि तासायला लागले. मी ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ते कामात इतके गढून गेले होते की मी ते मिटलं. एक तिरका काप, दुसरा काप. निळ्या अक्षराचा एक तुकडा उडून सतरंजीवर पडला. हाडाच्या पट्टीवर टोक ठेवून कट्ट करून छाटलं. मग त्यांनी पडलेला कण न् कण वेचून, निळ्या तुकड्यासकट, वरच्या थरात टाकला. थर किती वाढला हे आम्ही दोघांनीही वाकून बघितलं. काही वाढला नव्हता.

मग त्यांनी लिहिलं. उजवीकडून डावीकडे, श्वास धरून, एकेका अक्षराला हात न थांबवता. मला उर्दू वाचता येत नाही, पण इतकी वर्षं मुलांना रेषा शिकवल्या आहेत. असली रेषा मला एकदाही काढता आलेली नाही.

शाई वाळली तशी इरफानने आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. ‘‘अब्बा, ह्यात टाका छिलके. मॅडमना भांडं द्या. अंधार पडायच्या आत लातूर गाठायचं हाय.’’

‘‘हां,’’ चाचा लगेच म्हणाले. ‘‘छिलक्यांना काय, डबा बी चालतो. मेहमान आलाय.’’ आणि त्यांनी खरोखरच भांडं उचलून तिरकं केलं.

मी काय करत होते? कबूल करते, त्या क्षणी मी ‘नको’ म्हणायला शब्द शोधत नव्हते, ‘बरं’ कसं म्हणावं ते शोधत होते. काय वाईट होतं त्यात? ते स्वतः देत होते. पण भांडं आणखी तिरकं झालं, वरचे छिलके डब्यात पडले, हिरवं कापड सरकलं आणि अब्बांचा काळा थर घसरायला लागला. चाचांनी पटकन तळहात आडवा धरला. त्यांचा हात तिथेच थांबला. ओतूही नये आणि मागेही घेऊ नये असा.

‘‘चाचा, राहू द्या,’’ मी म्हटलं.

‘‘न्हाई, न्हाई, होतंय...’’

‘‘होत नाहीये. राहू द्या.’’

इरफानने पुढे होऊन भांडं त्यांच्या हातातून घेतलं आणि उभं केलं. मला वाटलं तो चिडणार. पण तो कापड नीट बसवत बसला, मग डब्यातले छिलके मूठ मूठ करून परत वर टाकले. शेवटची भुकटी त्याने बोटाने पुसून घेतली. ‘‘येऊ द्या हे बी लातूरला,’’ तो वडिलांना म्हणाला. ‘‘माझ्या कपाटात ठेवू. पोरींचं नंतर बघू.’’

निघताना चाचा दारापर्यंत आले. ‘‘ताई, सौदा पक्का करू. माझं पाणी तापलं की भांडं तुमचं. इरफान, ऐकलं? बाईला फोन करायचा.’’ ते मोठ्याने हसले. मीही हसले. स्कूटरवर बसल्यावर मात्र मला कशावर हसलो ते कळलं.

परतीला लातूरहून पुण्याची बस घेतली आणि पुण्याहून नाशिक. बसणार असाल तर उशी न्या. फुग्यांचं प्लास्टिक तसंच्या तसं परत आलं. त्यात हाशमभाईंचा डोंगर तेवढा गुंडाळला होता.

जाऊन आल्याला आता बरेच महिने झाले. संग्रहवाल्या मैत्रिणी विचारतात, भांडं कधी येणार? मी चहा ठेवायला उठते. माझ्या नावाचा कागद मी चौकट करून लावलाय. आलेले लोक विचारतात काय लिहिलंय, मी सांगते, ‘सुनंदा’. मग ते म्हणतात, एवढंच?

परवा दुपारी भाजी निवडत होते आणि फोन वाजला. पडद्यावर इरफानचं नाव. त्याने कधी आपणहून फोन केलेला नाही. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर भांडं आलं. मग चाचा आले. ह्याच क्रमाने. मला माझी इतकी लाज वाटली की फोन वाजत राहिला आणि मी मेथीची जुडी हातात धरून नुसती बसून राहिले. शेवटी उचलला.

‘‘ताई? मी बोलून राहिलो.’’ चाचाच होते. मागे पोरींचा नुसता कल्ला. ‘‘मी लातूरला आलो. इथल्या पोरी लई सतावतात हो. एकीला दारावर लावायला कागदावर नाव लिहून दिलं तं आता सगळ्यांना पाहिजे. वर म्हणतात, मराठीत बी लिहा अन उर्दूत बी. पुढच्या साली ह्या जाणार, नव्या येणार. रोज बोरू तासावा लागून राहिला.’’

मी विचारलं, ‘‘मग भरतंय का?’’

‘‘अजून बख्खळ जागा हाय,’’ चाचा म्हणाले. ‘‘तुम्हाला थांबावं लागंल.’’

‘‘थांबते,’’ मी म्हटलं आणि रडायला लागले. स्वयंपाकघरात मी एकटीच होते, म्हणून बरं.